खोक्यावरचा आकडा आणि खोक्यातलं यान

लेगोच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या संचात बरोबर १९६९ तुकडे आहेत. माणूस चंद्रावर पहिल्यांदा उतरला ते हे साल. हा योगायोग नाही, तुकडे मोजूनमापून तिथवर आणलेले आहेत. तुकड्यांची संख्या अशी हवी तिथे नेऊन थांबवता येते हे एकदा लक्षात आलं, की खोक्यावर ठळक छापलेल्या त्या आकड्याकडे जरा सावधपणे बघावंसं वाटतं.

कारण बहुतेक गिऱ्हाइकांचा हिशेब त्या आकड्यावरूनच सुरू होतो. किंमत भागिले तुकडे. या छंदातल्या जाणत्या लोकांतही हा भागाकार रूढ आहे आणि 'तुकड्यामागे दहा अमेरिकन सेंट' हा त्यांचा जुना अंदाज. त्याच्या खाली पडलं तर बरं, वर गेलं तर महाग. हा हिशेब खऱ्या संचांना लावून पाहू. सॅटर्न-५ हा २०१७ साली अमेरिकेत ११९.९९ डॉलरला आला, म्हणजे तुकड्यामागे सहा सेंट. २०२१ चा डिस्कव्हरी स्पेस शटल २३५४ तुकड्यांचा आणि १९९.९९ डॉलरचा, म्हणजे साडेआठ सेंट. 'स्टार वॉर्स'मधल्या मिलेनियम फाल्कनचा २०१७ चा अवाढव्य संच ७५४१ तुकड्यांचा आणि ७९९.९९ डॉलरचा, म्हणजे साडेदहाच्या जरा वर. या हिशेबाने सॅटर्न-५ सर्वांत फायद्याचा. पण मग लेगोचाच जगाचा नकाशा घ्या. २०२१ चा, २४९.९९ डॉलरचा, ११,६९५ तुकड्यांचा. तुकड्यामागे दोन सेंटच्या आसपास! मात्र त्यातले बहुसंख्य तुकडे म्हणजे भिंतीवरच्या चित्रासाठी ओळीने बसवायच्या बारीक गोल टिकल्या आहेत. त्यांचं यान काय, साधी होडीसुद्धा होणार नाही.

ठोकळे नगावर तोलणं म्हणजे मंडईत भेंडी नगावर घेण्यासारखं आहे. दोन बाय चार उंचवट्यांचा नेहमीचा ठोकळा साधारण २.३ ग्रॅमचा असतो. एका उंचवट्याएवढी टिकली त्याच्या दहाव्या हिश्शाचीही भरत नाही. खोक्यावरच्या आकड्यात मात्र दोघांचं मत सारखंच. डिझायनरला एखादी जागा एका लांब पट्टीने भरता येते, तशी चार छोट्या पट्ट्यांनीही भरता येते. दुसऱ्या मार्गाने आकडा फुगतो, जोडायला वेळ जास्त लागतो आणि खोका 'भरगच्च' वाटतो. काही वेळा बारीक तुकडे खरोखर लागतात, बारकावे त्यांच्याशिवाय येत नाहीत. पण यानाच्या पोटात, कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी बारीक तुकड्यांची गर्दी असेल, तर ती कशासाठी आहे असा प्रश्न जरूर पडावा. म्हणून संख्येपेक्षा वजन पाहणं बरं. ऑनलाइन विक्रीच्या पानावर पार्सलचं वजन बहुधा दिलेलं असतं. त्यात खोका आणि सूचनापुस्तिकाही येते, तरी दोन संचांची तुलना करायला ते पुरतं.

फाल्कनचा भाव वर का गेला, याचं एक कारण प्लास्टिकबाहेर आहे. लेगोने 'स्टार वॉर्स'चा परवाना १९९९ पासून घेतला आहे आणि अशा परवान्याचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. घरातल्या मुलाला त्या चित्रपटांशी काही देणंघेणं नसेल, तर त्या नावापायी जास्त पैसे मोजण्यात काही हशील नाही.

आता खुद्द यानाकडे येऊ. घर, किल्ला, ट्रक हे चौकोनी ठोकळ्यांचं माहेर. यान मात्र त्यांना अडचणीत आणतं. रॉकेट गोल असतं, शटलला निमुळतं नाक आणि पातळ पंख असतात, आणि हे सगळं कोनाकोनाच्या ठोकळ्यांतून काढायचं असतं. यानाचा संच पारखताना माझी पहिली नजर जाते ती ही अडचण डिझायनरने कशी सोडवली आहे यावर. त्यासाठी थोडं मापांचं गणित लागतं. लेगोच्या दोन शेजारच्या उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ पट्टीची ३.२. म्हणजे तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. आणि गंमत अशी, की पाच पट्ट्या एकावर एक रचल्या तर १६ मिलिमीटर होतात, दोन उंचवट्यांच्या रुंदीइतके. त्यामुळे काही ठोकळे आडवे वळवून, त्यांचे उंचवटे बाजूला काढूनही बाकीच्या रचनेत ते तंतोतंत बसतात. सॅटर्न-५ ची सगळी जादू या एका समीकरणावर उभी आहे. आत चारही बाजूंना तोंड केलेल्या उंचवट्यांचा गाभा आणि त्यावर बाहेरून चिकटवलेली गोलसर पट्ट्यांची साल. बाहेरून पाहणाऱ्याला ते गोल रॉकेट वाटतं. जोडणाऱ्याच्या हातून मात्र चौकोनातून गोल कसा निघतो हे जातं, आणि हा अनुभव पैसे देऊन घेण्याजोगा आहे.

हा संच मुळात लेगोच्या कारखान्यात जन्मलेला नाही. फेलिक्स स्टिएसन आणि व्हॅलेरी रोश या दोन चाहत्यांनी ही कल्पना लेगोच्या 'आयडियाज' योजनेत मांडली. तिथे दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला, की कंपनी त्या कल्पनेचा विचार करते. मूळ सॅटर्न-५ सुमारे ११० मीटर उंच होतं. हे एकास ११० प्रमाणातलं, म्हणून बरोबर मीटरभर उंच. पहिल्या टप्प्याला पाच इंजिनं, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला एक, हे सगळं मुळाबरहुकूम. टप्पे एकमेकांपासून सुटतात, आतून चांद्रयान निघतं. मुलाला अपोलोची मोहीम समजावून सांगायची असेल तर पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे फार बरं. कारण 'टप्पा गळून पडला' म्हणजे नेमकं काय झालं, हे त्याने स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

दुसरी कसोटी अधिक बालिश आहे, पण मी तिला जास्त गुण देते. यान हातात धरून खोलीभर उडवता येतं का? धरायला जागा आहे का? तोंडाने 'झूं' करत ते वळवलं, तर पंख गळतात का? छंदातले लोक या गुणाबद्दल फार गांभीर्याने बोलतात आणि त्यांचं बरोबरच आहे. डिस्कव्हरी दिसायला देखणी आहे. मालकक्षाची दारं उघडतात, चाकं बाहेर येतात, सोबत हबल दुर्बीणही आहे. खऱ्या डिस्कव्हरीने १९९० च्या एप्रिलमध्ये हबलला कक्षेत नेऊन सोडलं, त्या मोहिमेची ही आठवण. पण ५४ सेंटिमीटर लांबीची आणि बारकाव्यांनी लदलेली ही शटल हातात घेऊन पळण्यासाठी नाही. ती मोठ्यांची आहे. खोक्यावर '१८+' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आत काही धोकादायक आहे असा नाही. हा संच शोकेससाठी आहे, असा त्याचा अर्थ.

याच्या उलट टोकाला गॅलेक्सी एक्सप्लोरर. १९७९ सालचं हे निळं-करडं, पिवळ्या काचांचं यान ३३८ तुकड्यांचं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, लेगोची हातपाय हलणारी छोटी माणसं आली होती. तीच अंतराळवीर होऊन या यानात बसली. कंपनीच्या नव्वदाव्या वर्षी, २०२२ मध्ये, याच यानाची दीडपट मोठी आवृत्ती निघाली, १२५४ तुकड्यांची, अमेरिकेत ९९.९९ डॉलरची. भागाकार केला तर आठ सेंट, म्हणजे सॅटर्न-५ पेक्षा महाग. तरीही यान म्हणून मला हा संच जास्त खरा वाटतो. अर्धा मीटरभर लांब असूनही तो हातात घट्ट राहतो, यंत्रमानवासह माणसं आत बसतात, दारं उघडतात, गाडी बाहेर पडते. आणि त्याच तुकड्यांतून जुनी आणखी दोन याने कशी करायची, याच्या सूचनाही मिळतात.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबायचं आहे, कारण संच घ्यावा की नाही याचं उत्तर बहुतेक वेळा इथे दडलेलं असतं. शेवटचा तुकडा बसल्यानंतर काय? आपल्याकडे एका पिढीने लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टांचं मेकॅनिक्स खेळलं. त्याच्या पुस्तिकेत क्रेन असायची, गाडी असायची, विमान असायचं, आणि पट्ट्या त्याच. क्रेन मोडल्याशिवाय विमान होत नसे, त्यामुळे मोडण्याचं दुःखही नसे. आजच्या यानांच्या संचात बरेचदा उलटं होतं. एकाच यानाला शोभतील असे खास वळणाचे तुकडे, पुस्तिका एकाच यानाची, आणि यान झालं की ते मोडायची हिंमत ना मुलाला होते ना पालकांना. वास्तविक दोन बाय चारचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे एकमेकांना किती प्रकारे जोडता येतात? कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने मोजलेलं उत्तर आहे ९१,५१,०३,७६५. त्याआधी लेगो कंपनी स्वतः दहा कोटींच्या घरातला आकडा सांगत असे, पण त्या मोजणीत ठोकळे एकावर एक रचलेले सहा मजली मनोरेच फक्त धरलेले होते.

पेज मोरो आणि मारिट गुंडरसन एंगेसेट या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सूचनांनुसार संच जोडलेले लोक त्यानंतर दिलेल्या सर्जनशील कामात काहीसे मागे पडले आणि मोकळेपणी ठोकळे जुळवलेले पुढे राहिले, असा त्याचा रोख होता. यावरून सूचनापुस्तिका फाडून टाकायचं कारण नाही. सॅटर्न-५ ची गोल साल कुणी आपणहून शोधून काढेल, याची शक्यता फार कमी. पण पहिलाच संच घेत असाल, तर एका खोक्यात तीन रचना देणारे 'थ्री-इन-वन' पाहावेत. २०२३ चा छोटा स्पेस शटल फक्त १४४ तुकड्यांचा आहे आणि त्यातून शटल, अंतराळवीर आणि वेगळं यान अशा तीन गोष्टी होतात. किमतीने तो वर सांगितलेल्यांपुढे किरकोळ. मूल या खेळात रमतं का, हे कळायला तेवढा पुरतो.

मग ते शेजारचं खोकं, तसंच दिसणारं, निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या किमतीचं? त्याला सरसकट 'नकली' म्हणून मोडीत काढणं योग्य नाही. उंचवटा आणि आतली नळी यांची पकड ही कल्पना डेन्मार्कच्या बिलुंडमधल्या गॉटफ्रेड कर्क क्रिस्टियानसन यांनी २८ जानेवारी १९५८ ला पेटंटसाठी दाखल केली. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. त्यानंतर ठोकळ्याचा आकारच आपला ट्रेडमार्क आहे असा दावा लेगोने केला. तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. दोन्हीकडे लेगोच्या समोर होते मेगा ब्लॉक्सवाले. तेव्हा लेगोला जुळणारे ठोकळे करणं हा गुन्हा नाही. पोलंडची कोबी उघडपणे ते करते आणि चांगले करते. गुन्हा आहे तो अख्खा संच, त्याची रचना, पुस्तिका आणि खोक्यावरचं चित्र उचलण्यात. चीनमधल्या 'लेपिन' या नावाने नेमकं तेच चालायचं. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापे घातले आणि पुढच्या वर्षी मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद झाली.

कायदा बाजूला ठेवला तरी हाताला कळणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे पकड. उंचवट्याचा व्यास ४.८ मिलिमीटर आहे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागातल्या फरकाने तो ढिला किंवा घट्ट होतो. ठोकळ्याचं एबीएस प्लास्टिक किंचित लवतं आणि परत जागेवर येतं, त्यावर सगळं चालतं. एका हौशी माणसाने यंत्र लावून लेगोची एकच जोडी पुन्हा पुन्हा जोडली-सोडवली, तेव्हा ती ३७,११२ वेळा टिकली. स्वस्त संचात एखाददुसरा ठोकळा ढिला असेल तर घराच्या भिंतीत तो खपून जातो. पंखाच्या मुळाशी असेल तर यान हवेत असताना पंख जमिनीवर असतो. म्हणून जुळणाऱ्या कंपनीचं यान घ्यायचंच असेल तर आधी तिचाच एखादा लहान संच आणावा. चारपाच ठोकळे जोडून उलटे धरावेत, हलवावेत, सोडवून बघावेत. सोडवताना नखं दुखली तरी ते वाईटच. एकाच रंगाचे तुकडे शेजारी ठेवून छटा वेगळी दिसते का, कडेला साच्यातलं जास्तीचं प्लास्टिक उरलंय का, हेही पाहावं.

भारतात खोक्यावर आणखी एक खूण शोधायची असते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मग माल इथला असो की आयात केलेला. जागतिक ब्रँडचा संच सुद्धा या चिन्हाशिवाय विकला जात असेल, तर तो बहुधा आडवाटेने आला आहे आणि तक्रार घेऊन जायला कुणी नाही असं समजावं. अमेरिकेतला डॉलरचा भाव रुपयांत बदलून 'इथे एवढं का?' असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर सीमाशुल्कात आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठवर गेलं आणि २०२३ मध्ये सत्तरवर.

वयाची अट मात्र हलक्यात घेऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तपासणीत एक ठरलेलं नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने केलेलं. त्यात पूर्ण मावणारा तुकडा म्हणजे धोका, आणि यानाच्या संचातले जवळपास सगळे तुकडे त्यात मावतात. मोठ्या भावंडाचं यान रांगत्या बाळाच्या घरात नेहमी उंचावरच उतरावं. गिळलेला तुकडा श्वसनमार्गात गेला तर जिवावर बेतू शकतं. पोटात गेला तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो. याची खात्री करायला २०१८ मध्ये बालरोग क्षेत्रातल्या सहा जणांनी लेगोच्या माणसाचं डोकं स्वतः गिळून पाहिलं आणि निबंध लिहिला. सरासरी १.७१ दिवसांत ते बाहेर आलं. एकाचं मात्र कितीही शोधलं तरी सापडलं नाही. (घरी करून पाहू नये, हे सांगायला नकोच.)

बारीकसारीक गोष्टींत मी स्टिकरांना सर्वांत वाईट गुण देते. यानावरची अक्षरं, पट्टे, पॅनेल हे तुकड्यावरच छापलेलं आहे की वेगळे स्टिकर लावायचे आहेत, हे घेण्याआधी जरूर बघा. सॅटर्न-५ आणि नवा गॅलेक्सी एक्सप्लोरर दोन्हींत सगळं छापील आहे. डिस्कव्हरीत स्टिकर आहेत. स्टिकर एकदा वाकडा बसला की बसला, आणि यान मोडून दुसरं काही करायचं म्हटलं तर त्या तुकड्यावर जुन्याची खूण राहते. शिवाय कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी दमट हवेत कडा सुटायला फार वर्षं लागत नाहीत. ऊन दुसऱ्या बाजूने मारतं. एबीएस अतिनील किरणांनी पिवळं पडतं आणि पांढरी शटल खिडकीत ठेवली तर ते लवकर दिसतं.

'आज घ्या, उद्या दुप्पट होईल' असंही विक्रेते सांगतात. बंद झालेल्या संचांचे भाव वाढतात हे खरं आहे, पण सॅटर्न-५ हा त्याचा उत्तम उतारा. हा संच २०१९ मध्ये बंद झाला, साठेबाजांनी भाव चढवले, आणि २०२० मध्ये लेगोने तोच संच नवा क्रमांक देऊन परत बाजारात आणला. तेच १९६९ तुकडे, तेच रॉकेट. चढ्या भावाने घेतलेले हात चोळत बसले. खेळणं गुंतवणूक म्हणून घ्यायचं तर ते न उघडता, दमट हवेपासून जपून ठेवावं लागतं. म्हणजे खेळायचंही नाही.

राहता राहिली जागा. खोक्यावरचं चित्र फसवं असतं. सॅटर्न-५ उभं करायला मीटरभर उंचीचा मोकळा कोपरा लागतो, नाहीतर संचातल्या तीन आधारांवर ते आडवं ठेवावं लागतं. डिस्कव्हरीला चोपन्न सेंटिमीटर लांबी आणि चौतीस रुंदी. फाल्कनला चौऱ्याऐंशी बाय छप्पन, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाचं टेबल तरी जाणार किंवा फाल्कन तरी. ऑर्डर करण्याआधी टेप घेऊन कपाटाच्या फळीची खोली मोजावी. ती बहुधा तीस-पस्तीस सेंटिमीटरच भरते.